राणी गेली की घर डोक्यावर

"लाड फार झाले का हो मॅडम?" माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत टेकता टेकताच आईनं विचारलं. मुलगा दुसरीतला, सात वर्षांचा. कॅरममध्ये हरला की घर डोक्यावर घ्यायचा. आदल्या रविवारी राणी हातची गेली, त्यानं स्ट्रायकर भिरकावला आणि शोकेसची काच फुटली. वडिलांनी धपाटा घातला. मग त्यावरून आईवडिलांचंच जुंपलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पहिली चूक माझी. राग आला की दहापर्यंत मोजायचं, असं मी त्याला शिकवलं. पुढच्या भेटीत आम्ही सापशिडी खेळलो. अगदी वरच्या ओळीत त्याला साप लागला आणि फासा थेट माझ्या कपाटाखाली गेला. "मोज बरं," मी म्हटलं. "तूच मोज!" तो किंचाळला.

बरोबरच होतं त्याचं. भडका उडालेला असताना शिकवणी कसली? आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि हा तर सात वर्षांचा. मी गप्प झाले, त्याच्या शेजारी खाली बसले. पाचेक मिनिटांनी हुंदके ओसरले. मग हळूच म्हणाला, "पोटात गरगरतं. सगळे हसणार असं वाटतं."

म्हणजे वर राग, आत लाज. पण घरात सगळ्याला एकच शब्द होता, 'चिडलाय'. खरं तर हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, धास्तावणं, हेवा वाटणं असं केवढं भांडार आपल्याकडे आहे! सांगलीची आजी आली की ते घरात यायचं, आजीबरोबरच परत जायचं. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे भीती-रागाची घंटा वाजवणाऱ्या भागाची, खळबळ कमी होते, असं मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 मधल्या प्रयोगात दिसलं होतं. तो प्रयोग मोठ्यांवरचा, पण मुलांच्या बाबतीत मला रोज तेच दिसतं. नाव मात्र शांत वेळी शिकवायचं. जेवताना, रिक्षात. आणि आधी स्वतःचं सांगायचं: "आज साहेब सगळ्यांसमोर बोलले, मी ओशाळलो."

वडिलांना हे जड गेलं. "म्हणजे काच फोडली तरी बोलायचं नाही?"

बोलायचं ना. "फेकायचं नाही" एवढंच, आणि हात धरायचा. भाषण नको. निवळल्यावर काचेच्या जागी पुठ्ठा लावायला त्यालाच सोबत घ्यायचं. त्यांनी घेतलं. (स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्यापर्यंत वारंवार गेलं, तर मात्र बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला थांबू नका.)

दीड महिन्यानं आईचा फोन आला. मुलगा पुन्हा हरला होता. एक सोंगटी फेकलीच, मग गॅलरीत जाऊन बसला. बऱ्याच वेळानं आत येऊन म्हणाला, "मी चिडलो नाहीये, खट्टू झालोय. आणि बाबांनी चीटिंग केलीय."

"केली होती का?" मी विचारलं.

"थोडीशी," आई म्हणाली.