परराष्ट्रमंत्र्याची डॉक्टरेट कधी कामी आली?

प्रश्न : इराणचे अली अकबर सालेही अणुअभियंते होते, पुढे परराष्ट्रमंत्री झाले. अशा शिक्षणाचा मंत्र्याला खरंच उपयोग होतो, की ते नावापुढे लावण्यापुरतंच? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : सालेहींच्या बाबतीत खरा उपयोग झाला तो परराष्ट्र खातं सुटल्यावर. १९७७ साली एमआयटीतून अणुअभियांत्रिकीत डॉक्टरेट, मग तेहरानच्या शरीफ विद्यापीठाचं कुलगुरुपद, २००९ पासून इराणच्या अणुऊर्जा संघटनेचं प्रमुखपद. डिसेंबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी परराष्ट्रमंत्री मोत्तकींना ते सेनेगलच्या दौऱ्यावर असतानाच घरी बसवलं आणि खातं सालेहींकडे आलं. त्या काळात ओमानमार्फत अमेरिकेशी गुप्त बोलणी सुरू झाली खरी, पण तिथे लागली ती मुत्सद्देगिरी. २०१३ मध्ये ते पुन्हा अणुऊर्जा संघटनेत परतले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये इराणच्या अणुकार्यक्रमाला मर्यादा घालणाऱ्या, बड्या देशांशी व्हायच्या अणुकराराची चर्चा आकड्यांवर अडली, तेव्हा त्यांना बोलावलं गेलं. समोर अमेरिकेचे ऊर्जामंत्री अर्नेस्ट मोनिझ, एमआयटीचेच प्राध्यापक. सालेहींना नात झाली तेव्हा मोनिझनी एमआयटीची मुद्रा असलेल्या बाळाच्या वस्तू भेट दिल्या होत्या!

मुख्य पेच असा. नैसर्गिक युरेनियममध्ये यू-२३५, म्हणजे बॉम्बच्या कामाचं युरेनियम, जेमतेम ०.७ टक्का असतं. ते साडेतीन-चार टक्क्यांवर नेलं की बॉम्बला लागणाऱ्या ९० टक्क्यांपर्यंतची निम्म्याहून अधिक मेहनत उरकलेली असते. त्यामुळे नुसती सेंट्रिफ्यूज (हे प्रमाण वाढवणारी, वेगाने फिरणारी यंत्रं) मोजून भागत नाही, हाताशी असलेला समृद्ध, म्हणजे यू-२३५ वाढवलेल्या युरेनियमचा साठाही धरावा लागतो. साठा कापला तर जास्त यंत्रं चालू ठेवता येतात. ठरलं ते असं : इराणच्या नतांझ केंद्रात जुन्या आयआर-१ जातीची ५,०६० यंत्रं, समृद्धी ३.६७ टक्क्यांपर्यंत आणि साठा ३०० किलो. हे वजन युरेनियम हेक्झाफ्लोराइडचं, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात त्या युरेनियमच्या संयुगाचं. निव्वळ युरेनियम त्यात २०२.८ किलोच. बॉम्बपुरतं युरेनियम जमवायला लागणारा अवधी अमेरिकेच्या हिशेबाने दोन-तीन महिन्यांवरून वर्षावर गेला.

इराणच्याच अराकच्या अणुभट्टीचं दुखणं वेगळं. जड पाणी, नैसर्गिक युरेनियम, ४० मेगावॅट, म्हणजे आपल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) सायरस अणुभट्टीसारखाच ऐवज. असं इंधन लवकर बाहेर काढलं तर नको असलेलं प्लुटोनियम-२४० फारसं न साचता बॉम्बच्या कामाचं प्लुटोनियम मिळतं. म्हणून आराखडा २० मेगावॅट आणि समृद्ध इंधनावर आणला. जुना गाभा काढून त्याच्या नळ्यांत काँक्रीट ओतायचं ठरलं, तसं झालंही. पुढे २०१९ मध्ये सालेहींनीच टीव्हीवर सांगून टाकलं, की तशाच नळ्यांचा दुसरा संच इराणने गुपचूप घेऊन ठेवला होता. असा जोडीदार समोर असला की कराराचा मसुदा बारीक अक्षरांतच लिहावा लागतो.

प्रश्न : भारतात असं कोणी? – तेच वाचक

उत्तर : राजा रामण्णा, पण ते अभियंते नव्हेत, भौतिकशास्त्रज्ञ. भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक, १९७४ च्या पोखरण चाचणीचे एक सूत्रधार. तिथलं प्लुटोनियम सायरसचंच. १९९० मध्ये व्ही. पी. सिंग यांनी त्यांना संरक्षण राज्यमंत्री केलं, पण सरकारच वर्षभर टिकलं नाही.