रात्री अकरा ते सहाचा रिकामा रकाना

मार्चचा पहिला आठवडा. नागपुरात तेव्हा ऊन नुकतं टोचायला लागतं, रसवंत्यांची चाकं फिरू लागतात आणि घरोघरी कूलर खाली उतरवून त्यात नवा वाळा भरणं सुरू होतं. श्रुती (नाव बदललं आहे) सातव्या महिन्यात होती. आदल्या रविवारीच ओटीभरण झालं होतं, हातावरची मेंदी अजून गडद होती. खुर्चीत टेकताच तिनं मोबाइल काढून मला एक यादी दाखवली. दुपटी, लंगोट, टोपडी, मच्छरदाणी, पाळणा, दवाखान्याची बॅग. त्रेसष्ट वस्तू होत्या आणि प्रत्येकीसमोर बरोबरची खूण.

"सगळं झालं मॅडम," ती म्हणाली. "तरी मला आनंद काऊन होऊन नाही राहिला?"

मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच जणी आणतात, पण बहुतेकींच्या तोंडून तो निघतो जाताना, एक हात दाराच्या कडीवर असताना. श्रुतीनं पहिल्याच वाक्यात विचारला, याचं मला बरं वाटलं. तिला मी एवढंच सांगितलं, की हवंहवंसं मूल पोटात असतानाही भीती वाटते, चिडचिड होते, आधीच्या आयुष्याची हुरहूर लागते. त्यावरून कुणाची माया मोजता येत नाही. तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. मान तरी हलवली.

मग घरचं विचारलं. ती मिहानमधल्या एका कंपनीत, नवरा निखिल (हेही बदललेलं नाव) बुटीबोरीला कारखान्यात, शिफ्ट ड्यूटी. मनीषनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट, सासूबाई सोबत. माहेर वर्ध्याचं. वडील नाहीत, आई शाळेत शिक्षिका. बाळंतपण नागपुरातच करायचं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आईनं इकडे येऊन राहायचं, असं ठरलं होतं. तारीख मेच्या मध्याची.

पुढच्या वेळी मी निखिललाही बोलावलं. एका मोठ्या कागदावर चोवीस रकाने आखले, तासाला एक. म्हटलं, बाळ घरी आल्यावरचा एक दिवस यात भरा, कोण काय करणार ते लिहा. निखिलनं मन लावून लिहिलं. सकाळी सातला दूध आणणे. संध्याकाळी सहाला बाळाला गॅलरीत फिरवणे. आठला भांडी. रात्री अकरा ते सकाळी सहा कागद कोरा.

"इथं काय लिहू मॅडम? रात्री तर झोपतील न सगळे."

श्रुती इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. निखिल बिचारा गोरामोरा झाला. पण चूक त्याची नाही. मुलींना निदान मावशी-आत्यांच्या बाळंतपणात खोलीत डोकावायला तरी मिळतं. मुलांना बारशाच्या दिवशी पेढे वाटायला बोलावतात. मी त्याला समजावलं, की नवं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. झोपेची बेरीज सोळा तासांची झाली तरी ती झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांची, आणि त्या तुकड्यांना दिवस-रात्र कळत नाही. पाजणं श्रुतीलाच करावं लागेल. ढेकर काढायला, लंगोट बदलायला, खांद्यावर टाकून फेऱ्या मारायला मात्र कोणीही चालतं. त्यानं पेन्सिल घेतली, अकरा ते दोनच्या रकान्यात आपलं नाव घातलं आणि कंसात लिहिलं, 'नाइट शिफ्ट असली तर आई.' म्हणजे श्रुतीची आई.

त्या कंसापाशी मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

थांबले नाही, कारण तेवढ्यात कूलरचा विषय निघाला. सासूबाई काटोलकडच्या. त्यांचं म्हणणं ठाम होतं: बाळंतिणीच्या खोलीत वारं शिरू द्यायचं नाही, कानाला रुमाल, खाटेखाली शेगडी, सकाळ-संध्याकाळ धुरी. तेही मे महिन्यात, नागपुरात, जिथं पारा पंचेचाळिशीला टेकतो! या एका गोष्टीवरून श्रुती आणि त्या आठ दिवस एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मला पंच नेमायची दोघींची तयारी होती. मी नाही म्हटलं. बाळंतिणीला वारं चालतं की नाही, हे सांगणं माझं काम नव्हे. माझ्यापुढे प्रश्न होता, या घरात निर्णय कोणाच्या तोंडून आला की सगळे मानतात? मी सुचवलं, की पुढच्या तपासणीला सासूबाईंनी सोबत जावं आणि डॉक्टरांना स्वतः विचारावं.

त्या गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, कूलर लावा, फक्त झोत थेट बाळाच्या अंगावर नको. बाळाला फार गुंडाळू नका. धूर अजिबात नको. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं, भर उन्हाळ्यातही बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही. पाणी आईनं प्यायचं, भरपूर. तेव्हापासून नियम सासूबाईंचा झाला. बाळ बघायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी बोटावर मध घेतला, तर यांनीच हात धरला. "डॉक्टरीणबाईनं मले सांगतलं हाये!"

एप्रिलमध्ये श्रुती एकटी आली आणि बोलण्याच्या ओघात म्हणाली, की वडील गेले तेव्हा वर्षभर तिच्या गोळ्या चालू होत्या. डिप्रेशनच्या. सासरी कोणालाच माहीत नव्हतं, निखिललाही नाही. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. पूर्वी नैराश्य येऊन गेलेलं असेल तर बाळंतपणानंतर ते परत येण्याची शक्यता वाढते, आणि मी मात्र रकाने आखत बसले. तिनं निखिलला माझ्यासमोरच सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, "गोळ्यांचं नाव आठवते का?" ते नाव तिच्या प्रसूतितज्ज्ञांच्या फाइलमध्ये गेलं.

मुलगी झाली. चौथ्या दिवशी श्रुती कारण नसताना रडली. शेजारणीनं टोपडं आणलं म्हणूनही रडली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून असं अनेकींना होतं, बाळंतपणानंतर हार्मोन एकदम खाली येतात आणि साधारण दोन आठवड्यांत मन सावरतं. हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घरी कोणी घाबरलं नाही. तिचं सावरलंही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, दोन आज्यांची लाडिक भांडणं.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. आई वर्ध्याला परतली, त्याच आठवड्यात निखिलची नाइट शिफ्ट लागली. अकरा ते सहाच्या रकान्यात आता कोणीच उरलं नव्हतं, आणि सासूबाईंचे गुडघे रात्री उठू देत नव्हते. पंधरा दिवसांनी फोन आला, तो सासूबाईंचा. "पोरगी झोपते, पण हे झोपत नाही जी. टक लावून पाहत राह्यते. लेकराले घेतच नाही."

मी घरी गेले. बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरायची एडिनबरो प्रश्नावली काढली. १९८७ पासून वापरात असलेले दहा साधे प्रश्न, मागच्या सात दिवसांतल्या मनाबद्दलचे. रोगाचं निदान त्यातून होत नाही, पण कोणाला तज्ज्ञांकडे न्यायला उशीर करायचा नाही, हे कळतं. श्रुतीचे ३० पैकी १६ गुण आले, म्हणजे काळजी करण्याइतके. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलचा, त्याला तिनं 'कधीच नाही' म्हटलं. तरी त्याच आठवड्यात आम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं असतात, कोणतं घ्यायचं ते त्यांनी ठरवलं. (बाळंतीण दोन-दोन रात्री डोळा न लावता भलतंच बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, स्वतःला किंवा बाळाला काही करण्याची भाषा काढू लागली, तर माझ्यासारखीची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मन मोकळं करायला शासनाची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६.)

कागद पुन्हा काढला. या वेळी निखिलनं कारखान्यात बोलून दोन महिने दिवसाची शिफ्ट मागून घेतली. पहाटे पाच ते सात सासूबाई; तेव्हा त्या तशाही उठलेल्याच असतात. श्रुतीला सलग चार तास झोप मिळायलाच हवी, हा एकच नियम त्या कागदावर लाल पेनानं लिहिला. ऑगस्टच्या अखेरीस ती स्वतःहून म्हणाली, की आता मुलगी हसली की हसू येतं.

नोकरीचंही तिनं नीट जुळवलं होतं. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. श्रुतीनं आधी दोनच आठवडे घेतले आणि बाकीचे बाळासाठी राखले. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोनदा सुट्टी मिळते आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय करावी लागते, हे तिच्या ऑफिसातल्या कोणाला ठाऊक नव्हतं. तिनं एचआरला लेखी विचारलं. उत्तर यायला तीन आठवडे लागले, पण आलं.

नोव्हेंबरात ती मुलीला घेऊन आली. गुबगुबीत पोरगी, माझ्या चष्म्यावर डोळा. औषध अजून चालू होतं, हळूहळू कमी करायचं होतं. मी विचारलं, रात्रीचं कसं काय?

"झोपते मॅडम. पण तिला कूलरच्या आवाजाची सवय लागली. बंद केला की उठते," श्रुती म्हणाली. "बाहेर एवढी थंडी, अन् आम्ही पाणी न टाकता, तोंड भिंतीकडे करून रात्रभर कूलर चालवून राहिलो. आई म्हणतात, आता डॉक्टरीणबाईले हे विचारून या."