शाळा अक्षरं शिकवेल, गोष्ट तू वाच

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून एका आईचं पत्र आलंय. "मावशी, मुलगा साडेपाचचा, इयर वनमध्ये. फोनिक्समध्ये मागे आहे असं टीचर म्हणाल्या, जूनमध्ये चाचणी आहे. म्हणून आम्ही दोन महिने घरात मराठी बंद केलीय."

अगं, हे काय केलंस? पुढे तू टॅबलेटचं लिहिलंयस, सासूबाईंच्या बाराखडीच्या आग्रहाचं, पुण्याला परतण्याचंही. पण माझं मन या एका वाक्यापाशीच अडकलं.

फोनिक्स म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचणं. त्या चाचणीची धास्ती आधी सोड. इंग्लंडभर ती २०१२पासून होते. मूल टीचरजवळ बसून ४० शब्द वाचतं. त्यातले २० मुद्दाम निरर्थक असतात, म्हणजे पाठांतर चालत नाही, अक्षरांचे आवाज जोडावेच लागतात. नाही जमलं तर शाळा मदत करते आणि इयर टूमध्ये पुन्हा घेते. एकदा त्याचे कान मात्र तपासून घे. या वयात कानात पाणी साठून आवाज अस्पष्ट ऐकू येणं सर्रास घडतं.

पण आवाज जोडणं हे अर्धंच वाचन. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलं, की वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार! एक शून्य असलं तर सगळंच शून्य. गोष्ट कशी पुढे सरकते, कोण का रुसलं, हे मूल तुझ्या मांडीवर मराठीत शिकलं तरी इंग्रजी पुस्तकात कामाला येतं. आणि मराठी बंद करायला टीचरनी सांगितलं होतं का? तुझ्या पत्रात तरी तसं नाही.

आम्ही परदेशात होतो तेव्हा आम्हाला मात्र सांगितलं होतं. थोरलीच्या वेळी शाळेतून निरोप आला, घरी इंग्रजीच बोला. आम्ही निमूट ऐकलं. माझी आई सदाशिव पेठेतून नातीला निळी एरोग्राम पाठवायची, ती अजून माझ्या कपाटात आहेत. थोरली आज चाळिशीची आहे आणि आजीची पत्रं मला फोनवर वाचून दाखवायला सांगते. धाकट्याच्या वेळी मी कुणाचं ऐकलं नाही. रोज झोपताना मराठी गोष्ट. इंग्रजी वाचायला तो बहिणीच्याच वयात लागला.

तेव्हा आजपासून शाळेचं पुस्तक त्याने पाच-दहा मिनिटं वाचायचं. अडला तर जरा थांब, पहिला आवाज सुचव, तरीही नाही आलं तर शब्द सांगून टाक. मग दिवा मंद करून तू मराठी वाच, ओळीखाली बोट फिरवत. मध्येच "हे कुठलं अक्षर?" असं विचारू नकोस गं.

बाराखडी उन्हाळ्याच्या सुट्टीत. 'पिशवी'तली वेलांटी 'प'च्या आधी दिसते आणि नंतर उच्चारतात. डावीकडून एकेक आवाज जोडायला शिकणाऱ्या पोराला आत्ताच त्यात नको पाडायला. सासूबाईंना रविवारी व्हिडिओ कॉलवर गोष्ट वाचायला बसव. टॅबलेट जेवताना बंद. पुण्याला यायचं तर जरूर या, पण फोनिक्सपायी नको.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात. आणि इकडून कुणी येणार असेल तर अप्पा बळवंत चौकातून मोठ्या टायपातली चार पातळ पुस्तकं मागवून घे.