आधी फुटेज, मग मशीन

प्रिय पोरी,

व्हिडिओ एडिटिंगसाठी नवीन कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून तू पाठवलेली यादी बघितली. प्रोसेसर आहे, ग्राफिक्स कार्ड आहे, रॅम आहे, सेकंदाला दहा हजार एमबीच्या वर पळणारी एसएसडी आहे, कॅबिनेटचे रंगीत पंखेसुद्धा आहेत. कॅमेऱ्याचं नाव कुठेच नाही. शूट कुठल्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत) होतं, किती बिट (रंगाच्या छटा किती बारीक), एका वेळी किती कॅमेरे टाइमलाइनवर येतात, यातलं एक अक्षर नाही आणि खाली प्रश्न, हे एडिटिंगला चालेल ना? अगं, कुठल्या एडिटिंगला? आधी फुटेज, मग मशीन. हे मी तुला आधीही सांगितलंय आणि या पत्रात अजून चार वेळा सांगणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

तुझा गोंधळ कशामुळे झालाय ते कळतं मला. जिकडे बघावं तिकडे तुलना असते ती गेमची नाहीतर एक्स्पोर्टला किती मिनिटं लागली याची. एक्स्पोर्ट आपण झोपायला जाताना लावून जाऊ शकतो गं. दिवसभर आपण करतो काय, तर क्लिप मागेपुढे नेतो, जे-के-एल (उलटं, थांबा, सरळ चालवायची बटणं) दाबत बसतो, माणसाच्या श्वासाच्या अलीकडे कापायचं की पलीकडे हे ठरवतो, आणि हे करताना जर चित्र अडखळलं तर कट बरोबर पडला की चुकला हे कळायला मार्गच राहत नाही. म्हणून मी स्कोअर बघत नाही. प्ले दाबल्यावर लगेच चालतं का, उलटं नेलं तर चालतं का, एवढंच बघतो.

तू मागे पाठवलेली क्लिप माझ्याकडे होती, ती मीडियाइन्फोत, म्हणजे फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकली. एचईव्हीसी (हा कोडेक), बिट डेप्थ १०, क्रोमा ४:२:२ (रंगाची माहिती किती ठेवली ते). या तीन ओळी तुझ्या अख्ख्या यादीपेक्षा महत्त्वाच्या आहेत. आता यादीतला प्रोसेसर बघ. इंटेलचा आहे आणि नावाच्या शेवटी एफ आहे. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, थोडा स्वस्त पडतो म्हणून गेमवाले तो घेतात आणि त्यांचं बरोबरच आहे, त्यांना वेगळं कार्ड लागतंच. पण क्विक सिंक (दाबलेल्या फाइलमधून परत चित्र काढणारा, म्हणजे ती उलगडणारा, इंटेलचा खास भाग) असतं ते त्या आतल्या ग्राफिक्समध्येच, आणि डेस्कटॉपवर ११व्या पिढीपासून ते १० बिट ४:२:२ एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये उलगडतं. तू निवडलेलं कार्ड आरटीएक्स ४० मालिकेतलं. तगडं आहे, वाद नाही, पण त्याच्या डिकोडरला (उलगडणाऱ्या भागाला) ४:२:२ येत नाही, ते एनव्हिडियाने ५० मालिकेत आणलं. म्हणजे एवढे पैसे घालून तुझी स्वतःची क्लिप उलगडायचं काम ना कार्ड करणार ना क्विक सिंक, सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर, आणि मग तू मला लिहिणार की नवीन मशीन अडकतंय. तोच प्रोसेसर एफशिवाय घेतलास तर गोष्ट वेगळी. ॲपलच्या एम मालिकेतला मीडिया इंजिनसुद्धा हे फुटेज आरामात पेलतो. आणि उद्या हेच ४:२:२ एच २६४ या जुन्या कोडेकमध्ये आलं तर हिशोब परत बदलतो, तेव्हा परत बघायचं. म्हणून म्हणतो, आधी फुटेज.

हे कोडेक जड का जातात तेही समजून घे, नुसतं पाठ नको करू. कॅमेरा फाइल लहान ठेवायला प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, एक पूर्ण ठेवतो आणि पुढच्यांमध्ये फक्त काय बदललं ते लिहितो. सरळ प्ले केलं तर ठीक, पण तू मध्येच एका फ्रेमवर उडी मारलीस की मशीनला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशोब मांडत यावं लागतं, आणि उलटं चालवलंस तर हाल विचारू नकोस. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून फाइल मोठी पण हात लावला की हलते. यूएचडीत (३८४० x २१६०), सेकंदाला २५ फ्रेम धरून, प्रोरेस ४२२ सेकंदाला साधारण ४९२ मेगाबिट, म्हणजे तासाला २२० जीबीच्या आसपास. तेच १०८० चं प्रोरेस प्रॉक्सी (फक्त कापण्यापुरती बनवलेली हलकी प्रत) तासाला १७ जीबी.

आता ती एसएसडी. तुझी कॅमेरा फाइल २०० मेगाबिटची धर, म्हणजे सेकंदाला २५ एमबी. चार कॅमेरे एकत्र लावलेस तर १००. साधी साटा एसएसडी ५०० च्या वर देते. मग दहा हजारांचं काय करणार आहेस? अडतंय ते उलगडण्यात, वाचण्यात नाही. ते पैसे दुसऱ्या डिस्कला घाल. सिस्टिम एका डिस्कवर, फुटेज दुसरीवर, आणि बॅकअप पूर्ण वेगळ्या ठिकाणी. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, यात मी कुणाचं काही ऐकून घेत नाही, आणि रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणं) म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट झालेलं रेडवरूनही तितक्याच इमानदारीने डिलीट होतं. स्वस्तातली क्यूएलसी एसएसडी घेणार असशील तर एवढं बघ की कॅमेऱ्याचं मोठं मेमरी कार्ड कॉपी करताना तिचा कॅश (आतली तात्पुरती वेगवान जागा) भरला की वेग धाडकन पडतो.

रॅम ३२ जीबीवर काम चालू होतं, ६४ घेतलीस तर निवांत, आफ्टर इफेक्ट्स रोज लागत असेल तर अजून. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या भरल्या की वेग बहुतेक वेळा खाली येतो, म्हणून दोनच मोठ्या घे. मॅक घ्यायचा ठरला तर मेमरी पहिल्या दिवशी ठरवायची, नंतर वाढत नाही. कार्डाचं म्हणशील तर रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडिंग (रंग जुळवणं), नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणं) करणार असशील तर कार्डाच्या मेमरीला जप. यूएचडीची एक फ्रेम ३२ बिट फ्लोट या अचूक रूपात १३० एमबीच्या वर जाते आणि नॉइज रिडक्शन अशा मागच्यापुढच्या बऱ्याच फ्रेम एकदम धरून ठेवतं. नुसतं कापायचं आणि टायटल लावायचं असेल तर एवढं मोठं कार्ड नकोच.

आणि आता प्रॉक्सी. माहितीय, तुला ते कमीपणाचं वाटतं, खरा प्रोफेशनल ओरिजिनलवरच कापतो असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरलंय. मलाही हे तोंडावर ऐकवलंय, एका स्टुडिओत तर मशीन परवडत नाही म्हणून असं करतो असंही बोलून झालं. मी ऐकलं आणि प्रॉक्सीवरच कापत राहिलो, आजही कापतो, चांगलं मशीन समोर असूनही. १९८९ मध्ये ॲव्हिड ही कॉम्प्युटरवर कापायची सिस्टिम आली तेव्हा त्यावरचं चित्र इतकं धूसर होतं की ते फक्त कापण्यापुरतं, फायनल वेगळं जुळवायचं, ऑफलाइन-ऑनलाइन ही पद्धतच होती आणि त्या धूसर चित्रावर लोकांनी उत्तम काम केलं. कटला पिक्सेल लागत नाहीत, ताल लागतो. हलकं प्रॉक्सी धडाधड पळतं म्हणून मी एक कट दहा प्रकारे करून बघू शकतो, ओरिजिनलवर दोनदा केला असता आणि ठीक आहे म्हणून पुढे गेलो असतो. माझी उमेदीची वर्षं रेंडरच्या (चित्र तयार होण्याच्या) पट्टीकडे बघण्यात गेली, तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं, आणि ते अजून टोचतं, म्हणून तुझ्यावर एवढा आवाज चढतोय. जुन्या वळणाचा म्हण हवं तर. माझं काम वेळेत जातं आणि क्लायंट परत येतो.

म्हणून मशीन घ्यायच्या आधी हे कर. आत्ताच्या तुझ्या कॉम्प्युटरवर त्याच क्लिपचे प्रॉक्सी बनव आणि एक जुना प्रोजेक्ट त्यावर पूर्ण काप. कुठे अडलं ते लिहून काढ, कापताना, रंग करताना की एक्स्पोर्टला. जिथे अडलं तिथेच पैसे घालायचे, बाकी कशावर नाही. कदाचित तुला आत्ता फक्त एक डिस्क आणि एक बरा मॉनिटर लागेल, आणि मॉनिटर रेक. ७०९ (एचडी व्हिडिओच्या रंगांचं मानक) नीट दाखवणारा, कॅलिब्रेट होणारा घे, तो पुढच्या दोन मशीनना पुरतो.

येत्या वर्षभरात ज्या ज्या कॅमेऱ्यांचं फुटेज तुझ्याकडे येणार आहे, त्या प्रत्येकाची एकेक क्लिप मीडियाइन्फोत टाक आणि सगळा मजकूर कॉपी करून मला पाठव, स्क्रीनशॉट नको. तोपर्यंत काही ऑर्डर करू नकोस. ते आलं की पॉवर सप्लाय आणि हवेचं लिहितो, तुझ्या यादीतल्या त्या बंद कॅबिनेटबद्दल मला बरंच बोलायचंय.