टॉकिंग हेड्ससारखा न्यू वेव्ह (पंक रॉकमधून निघालेला संगीतप्रकार) वाजवणारा अमेरिकन बँड एका छोट्या क्लबमधून मोठा कसा झाला? आपल्या नाशकात असं का होत नाही?

मुख्य कारण म्हणजे त्यांना परत परत वाजवायला एक ठरलेली जागा मिळाली, न्यूयॉर्कच्या बाउरी भागातला सीबीजीबी क्लब. १९७३ ला सुरू झालेला, मालक हिली क्रिस्टल, आणि त्याची अट एकच की गाणी स्वतःचीच वाजवायची, त्यामुळे नुसते कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवणारे आपोआप गळाले. टॉकिंग हेड्स १९७५ मध्ये तिथे रामोन्स या पंक बँडच्या आधी वाजवायला उभे राहिले, पहिला अल्बम आला थेट १९७७ ला, म्हणजे दोन वर्षं नुसती घासली. नाशकात कॉलेज रोडच्या कॅफेत फर्माइशीच जास्त, स्वतःचं गाणं ऐकतंय कोण! फक्त एक, त्यांना रेकॉर्ड कंपन्या आणि पेपरवाले त्याच शहरात होते, आपल्याला त्यासाठी मुंबईच गाठावी लागते.