फ्रेंच प्रेस: आंबट की कडू?
फ्रेंच प्रेस म्हणजे जाळीच्या दट्ट्याने चोथा तळाशी दाबून कॉफी गाळायचं भांडं. आधी वजनकाटा घ्या, महागडं मशीन नंतर बघू. १५ ग्रॅम कॉफीला २४० मिली पाणी. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग ओता. ४ मिनिटांनी दट्ट्या हलक्या हाताने दाबा. जोर लावूनही तो अडत असेल तर दळण फार बारीक आहे. धपकन खाली गेला तर फार भरड. कण जाड्या मिठाएवढे हवेत.

आंबट आणि पाणचट लागली म्हणजे अर्क पुरता उतरला नाही, दळण थोडं बारीक करा. कडू, तोंड कोरडं पाडणारी लागली तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळतच नाही. आणि दाबल्यावर लगेच सगळी कपात ओता. चोथ्यावर राहिली तर कडवटपणा उतरतच राहतो.