तीन जनावरं गेली, पैसे दीडाचेच आले

दादा, तुमचा हिशोब वाचला. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना नदीकाठच्या गोठ्यातून दोन म्हशी आणि एक गाभण कालवड गेली. सरकारी मदतीत एका म्हशीचे ३७,५०० जमा झाले, कालवडीचे २०,०००, आणि वाहून गेलेल्या म्हशीचं काहीच नाही. मधल्यामध्ये कुणी खाल्ले का, असं विचारलंय. तसं कुठं होतच नाही असं म्हणणार नाही, पण तुमच्या बाबतीत मला कागदाचाच घोळ दिसतोय.

त्या पुराच्या वेळचे दर ठरलेले होते: दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००. एवढ्यात बाजारात म्हैस येत नाही हे तलाठ्यालाही ठाऊक आहे, त्यावर भांडून उपयोग नाही. कुटुंबाला तीनच मोठी जनावरं ही अट मात्र ऑक्टोबर २०२५ च्या पूरग्रस्तांच्या पॅकेजमध्ये सरकारनं काढली होती. तेव्हा मर्यादेचं कारण कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

कालवडीसाठी आधी पंचनाम्याची नक्कल मागा. नुसतं 'कालवड' लिहिलं असेल तर ती दुधाळ जनावरात नाही, वासरात धरली गेली. शवविच्छेदनाच्या अहवालात गर्भ किती महिन्यांचा हे आलं असेल तर तो जोडून फेरविचाराचा अर्ज करा. व्यालेली नव्हती म्हणून नाकारतीलही, पण अर्जाला निदान आधार राहतो.

खरी अडचण दुसऱ्या म्हशीची. प्रेत नाही म्हणून शवविच्छेदन नाही, आणि ते नाही म्हणून यादीत नाव नाही. इथं कानातला बिल्ला कामाला येतो. १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची नुकसानभरपाई देय नाही, असा शासनाचा निर्णयच आहे. मारला असेल तर त्याचा बारा आकडी क्रमांक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या ऑनलाइन नोंदीत तुमच्या नावावर सापडतो. त्या नोंदीची प्रत, पुराआधीच्या पंधरवड्याच्या दूध संकलनाच्या पावत्या आणि शेजाऱ्यांचे जबाब जोडून तहसीलदारांकडे पुरवणी पंचनाम्याची मागणी करा. अर्ज आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं तिथं कुणाच्या लक्षात राहत नाही.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी चिंचेखाली बांधलेली आमची म्हैस वीज पडून गेली. पावसाळी हवा, संध्याकाळपर्यंत पोट फुगलं, वास सुटला. पोरांनी जेसीबी बोलावला आणि पुरून टाकली. तिसऱ्या दिवशी तलाठी आले, तर दाखवायला ताजी माती तेवढी. डॉक्टर म्हणाले, उकरा. नाही उकरलं. पैसेही नाही मिळाले. तेव्हापासून आमच्याकडे जनावर दगावलं की आधी बिल्ल्यासकट डोक्याचा फोटो, मग दवाखान्यात फोन, खड्डा सगळ्यात शेवटी. पुरताना बिल्ला काढून घेतो. देवळीत असे तीन पिवळे बिल्ले पडलेत, बायको चिडते.

बँकेचंही एकदा बघून घ्या. हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, पासबुक दिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आमच्या भावकीत एकाचे पैसे विसरलेल्या जनधन खात्यात चार महिने पडून होते आणि हा तहसीलला खेटे घालत होता.

पंचनाम्याची नक्कल हातात आली की त्यातला जनावरांचा रकाना इथं जसाच्या तसा लिहा, नावं आणि खाते क्रमांक झाकून. अर्जाचा मजकूर मी करून देतो.